झेरॉक्स, कॉपीराइट आणि कॉलेज : एका हक्काचा इतिहास

ऑगस्ट २०१२मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादी दोन होते. एक दिल्ली विद्यापीठ आणि दुसरं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचं झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी नेमून दिलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं हे दुकान एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकत होतं. अशा गठ्ठ्याला कॅम्पसवर ‘कोर्स पॅक’ म्हणत. दर होता पानाला ४० पैसे. प्रकाशकांनी नुकसानभरपाई मागितली ६० लाख रुपये.

या खटल्याची बातमी आली तेव्हा अनेकांनी ती ‘झेरॉक्सवाल्याची चोरी पकडली’ अशा अर्थाने वाचली. आपल्याकडे कॉपीराइटबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एका गटाला वाटतं की पुस्तकाचं एक पान जरी झेरॉक्स केलं तरी गुन्हा होतो. दुसऱ्या गटाला वाटतं की शिक्षणासाठी म्हटलं की सगळं माफ. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत शेवटी विद्यार्थी मोजतो. पहिल्या समजुतीमुळे ग्रंथपाल घाबरून कपाटाला कुलूप लावतो. दुसरीमुळे मराठीत पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा छोटा प्रकाशक पुढचं पुस्तक काढायचं धाडस करत नाही.

हा कायदा वर्गाला काय देतो आणि काय देत नाही, हे समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

उस्ताद, शागिर्द आणि इजाजत

छापखाना येण्याआधी नक्कल करणं हाच पुस्तकाचा प्रसार होता. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये ‘वर्राक’ नावाचा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला होता. वर्राक म्हणजे कागद विकणारा, किताब उतरवून देणारा आणि विकणाराही. याकूबी या इतिहासकाराने बगदादच्या बाजारात अशी शंभराहून अधिक दुकानं असल्याची नोंद केली आहे. इब्न अल-नदीम हा असाच एक वर्राक. त्याने इसवी सन ९८७च्या सुमारास ‘अल-फिहरिस्त’ ही त्याच्या काळातल्या अरबी ग्रंथांची सूची तयार केली. त्यातल्या कितीतरी किताबी आज नाहीशा झाल्या आहेत आणि त्यांची नावं फक्त या सूचीमुळे उरली आहेत.

या जगात प्रत करण्यावर बंदी नव्हती, पण शिस्त होती. शागिर्द उस्तादासमोर बसून किताब उतरवून घेई, मग ती मोठ्याने वाचून दाखवी. चुका दुरुस्त झाल्या की उस्ताद त्याला ‘इजाजा’ देत असे. म्हणजे ही किताब माझ्या नावाने पुढे शिकवण्याची परवानगी. हस्तलिखितांच्या शेवटच्या पानांवर अशा नोंदी आजही सापडतात. कुणी, कुणाकडून, कुठे आणि कधी ऐकलं, हे सगळं त्यांत असतं.

म्हणजे प्रत किती झाल्या याची फिकीर नव्हती. फिकीर होती ती मजकूर बरोबर आहे का आणि तो कुणाचा आहे हे सांगितलं आहे का, याची. दुसऱ्याचं लेखन आपल्या नावावर खपवणाऱ्यांचा समाचार मात्र कडक घेतला जाई. पंधराव्या शतकातले इजिप्तचे आलिम जलालुद्दीन सुयूती यांनी ग्रंथकार आणि चोर यांच्यातला फरक सांगणारी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती.

या काळाला ‘कॉपीराइटमुक्त सुवर्णकाळ’ म्हणायचं कारण नाही. हाताने प्रत करायला महिने लागत, किताबी महाग असत आणि लेखकाचं पोट बहुधा दरबाराच्या किंवा श्रीमंताच्या आश्रयावर चाले. छापखान्याने हे गणित बदललं. एका दिवसात शेकडो प्रती निघू लागल्या आणि पैसा गुंतवणाऱ्या प्रकाशकाला संरक्षणाची गरज वाटू लागली.

कायद्याच्या नावातच विद्या

इंग्लंडमध्ये १७१० साली लागू झालेला ‘स्टॅच्यूट ऑफ अॅन’ हा आधुनिक कॉपीराइटचा पहिला कायदा मानला जातो. त्याच्या शीर्षकाची सुरुवातच ‘विद्येला उत्तेजन देण्यासाठी’ अशा अर्थाची आहे. लेखकाला ठरावीक मुदतीपुरता हक्क मिळणार आणि मुदत संपली की पुस्तक सर्वांचं होणार, असा तो सौदा होता. लेखकाने लिहीत राहावं म्हणून हक्क आणि समाजाने शिकत राहावं म्हणून मुदत.

भारतात हा विचार ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आला. कंपनी सरकारच्या १८४७च्या विसाव्या कायद्याच्या शीर्षकातही विद्येच्या उत्तेजनाचाच उल्लेख होता. मुदत होती लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर सात वर्षं, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं, यांपैकी जी जास्त असेल ती. पुढे १९१४च्या कायद्याने ब्रिटिश संसदेचा १९११चा कायदा काही फेरफार करून इथे लागू केला. त्यात शाळांसाठीच्या संकलनात दुसऱ्याच्या पुस्तकातले छोटे उतारे घ्यायला मुभा होती. मात्र पाच वर्षांत एकाच प्रकाशकाने एकाच लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे घ्यायचे नाहीत आणि मूळ स्रोत सांगायचा, अशी अट होती. थोडक्यात, शिक्षणासाठीची सवलत ही कुणी नंतर मागून घेतलेली खैरात नाही. ती शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या पोटातच आहे.

मुंबईचं पाठ्यपुस्तक लंडनच्या दारात

या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण मुंबईत घडलं आणि तेही विद्यार्थ्यांच्या पुस्तकावरून. मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कने लिहिलेल्या सिकंदराच्या चरित्राची शालेय आवृत्ती काढली होती. मूळ मजकूर होता थॉमस नॉर्थ यांच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी अनुवादाचा. मॅकमिलनच्या संपादकाने त्यातून उतारे निवडून मजकूर जवळपास निम्म्यावर आणला आणि विद्यार्थ्यांसाठी टिपा जोडल्या. मग मुंबईच्या के. अँड जे. कूपर या शैक्षणिक प्रकाशकांनी त्याच चरित्राची आपली आवृत्ती बाजारात आणली. मॅकमिलनने दावा ठोकला आणि वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निकाल लागला १९२३च्या अखेरीस.

न्यायाधीशांनी पुस्तकाचे दोन भाग केले. नॉर्थचा अनुवाद केव्हाच सर्वांचा झाला होता. त्यातले उतारे कापून जोडले म्हणून त्या मजकुरावर मॅकमिलनला नवा हक्क मिळत नाही, असं त्यांनी ठरवलं. टिपा मात्र वेगळ्या. त्या लिहायला अभ्यास, निवड आणि मेहनत लागते, म्हणून टिपांवर हक्क आहे आणि तो मोडला गेला आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही मराठीच्या प्राध्यापकाला थेट कामाचा आहे. सतराव्या शतकातले संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ घ्या. त्यांच्या ओव्या कुणाच्याही मालकीच्या नाहीत. त्या छापा, वाचा, वर्गात वाटा, कुणी अडवू शकत नाही. पण एखाद्या अभ्यासकाने अलीकडे हस्तलिखितं ताडून त्याची आवृत्ती काढली असेल, तर तिची प्रस्तावना, टिपा आणि शब्दार्थ त्या अभ्यासकाचे आहेत. मुळात कुंपण नाही म्हणून अख्खं पुस्तक स्कॅन करून टाकणं योग्य नाही.

मुदतीचा हिशेबही सोपा आहे. भारतात आज लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. ही मुदत आधी पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१च्या शेवटी संपत होता, त्या पार्श्वभूमीवर १९९२मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली गेली. या हिशेबाने १९५०मध्ये वारलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११पासून सर्वांचं झालं. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क २०२९च्या अखेरपर्यंत आहे. हमीद दलवाई १९७७मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत २०३७पर्यंत थांबावं लागेल.

१९५७ साली वगळलेले शब्द

स्वतंत्र भारताने स्वतःचा कॉपीराइट कायदा १९५७मध्ये केला आणि तो जानेवारी १९५८पासून लागू झाला. त्याच्या कलम ५२मध्ये ‘हे केल्यास हक्कभंग होत नाही’ अशा गोष्टींची यादी आहे. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही, ही तरतूद त्यातलीच. परीक्षेतल्या प्रश्नासाठी किंवा उत्तरासाठी घेतलेला मजकूरही तसाच मोकळा आहे.

इथे एक बारकावा आहे, जो सहसा सांगितला जात नाही. ब्रिटनने एक वर्ष आधी, १९५६मध्ये, जवळपास अशीच सवलत दिली होती. मात्र तिला एक शेपूट होतं. प्रती काढणाऱ्या यंत्राचा वापर न करता केलेली प्रतच चालेल, अशी अट त्यांनी घातली. म्हणजे फळ्यावर लिहा, वहीत उतरवा, पण सायक्लोस्टाइल नको. भारतीय कायद्यात ही अट आली नाही. तेव्हा झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे गाजलेलं मशीन बाजारात यायला दोन वर्षं अवकाश होता. पण या न घातलेल्या अटीचा फायदा पुढे दिल्लीच्या विद्यार्थ्यांना होणार होता.

पुस्तकांच्या किमतीचा प्रश्न भारताने जगाच्या व्यासपीठावरही मांडला. १९६७मध्ये स्टॉकहोमला बर्न कराराची फेरतपासणी झाली, तेव्हा विकसनशील देशांना शिक्षणासाठी अनुवाद आणि पुनर्मुद्रणाची सवलत हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत भारत पुढे होता. वसाहतींतून नुकत्याच सुटलेल्या देशांना आधीच्या मालकांकडूनच महागडी पुस्तकं घ्यावी लागत होती. प्रकाशक देशांनी मोठा विरोध केला. शेवटी १९७१मध्ये पॅरिसला तडजोड झाली आणि १९८३च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आली. प्रक्रिया किचकट असल्याने कॉलेजांना तिचा थेट उपयोग फारसा झाला नाही. वर्गाच्या उपयोगाला आलं ते कलम ५२च.

४० पैशांचा खटला

आता पुन्हा दिल्लीकडे येऊ. ऑक्टोबर २०१२मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन दुकानाला कोर्स पॅक विकायला मनाई केली. विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना बांधून खटल्यात बाजू मांडण्याची परवानगी मिळवली. प्राध्यापकांची एक संस्थाही त्यांच्या बाजूने उतरली. ज्यांची पुस्तकं त्या गठ्ठ्यांत होती, त्यांतल्या अनेक लेखकांसह तीनशेहून अधिक अभ्यासकांनी प्रकाशकांना दावा मागे घ्यायचं आवाहन केलं. अमर्त्य सेन यांनीही ही मागणी उचलून धरली. बौद्धिक संपदेचे अभ्यासक शमनाद बशीर या लढ्यातला एक महत्त्वाचा आवाज होते. वंचित घरातल्या मुलांनी कायद्याच्या शिक्षणात यावं म्हणून झटणारा हा माणूस २०१९मध्ये अकाली गेला.

प्रकाशकांच्या बाजूला अमेरिकेतले दाखले होते. तिथे १९९१मध्ये किंकोज या झेरॉक्स साखळीला कोर्स पॅकबद्दल ५ लाख १० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली होती. १९९६मध्ये मिशिगनच्या एका दुकानाविरुद्धही असाच निकाल लागला होता.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी प्रकाशकांचा दावा फेटाळला. त्यांच्या विचाराचा गाभा असा : कॉपीराइट हा निसर्गाने दिलेला किंवा दैवी हक्क नाही, तो समाजाच्या बौद्धिक भल्यासाठी कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत, ते कायदेशीर होतं. तेच काम आज यंत्र करतं म्हणून ते बेकायदेशीर होत नाही. १९५७च्या कायद्यात यंत्राबद्दलची अट नसणं इथे कामाला आलं.

डिसेंबर २०१६मध्ये खंडपीठाने हा निकाल थोडा आवरता घेतला, पण दिशा तीच ठेवली. ‘अध्यापनाचा ओघ’ म्हणजे फक्त वर्गातला तास नव्हे, सत्राची तयारी आणि अभ्यासही त्यात आला. प्रत शिक्षकाने स्वतः काढली की दुकानदाराकडून काढून घेतली, याने फरक पडत नाही. अनेक पुस्तकांतला थोडा थोडा भाग वाचणारा विद्यार्थी ती सगळी पुस्तकं विकत घेणारा ग्राहक नव्हताच, तेव्हा प्रकाशकाचं गिऱ्हाईक तुटलं असंही म्हणता येत नाही. मात्र घेतलेला मजकूर शिकवण्याच्या हेतूला खरंच आवश्यक होता का आणि संपूर्ण पुस्तकं झेरॉक्स झाली त्याचं काय, हे मुद्दे खंडपीठाने पुराव्यानिशी तपासण्यासाठी खालच्या न्यायपीठाकडे पाठवले. ती तपासणी झालीच नाही. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हक्कधारकांच्या परवाना संस्थेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७मध्ये फेटाळली.

हक्काची हद्द

दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण वजनदार दाखला नक्कीच आहे. मग आपल्या कॉलेजात त्याचा अर्थ काय?

नेमून दिलेल्या पुस्तकातलं प्रकरण किंवा लेख झेरॉक्स करून वर्गातल्या मुलांना देणं हा शिक्षकाचा हक्क आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी किंवा समीक्षेसाठी रास्त प्रमाणात मजकूर वापरणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. एखादं पुस्तक भारतात विक्रीलाच नसेल, तर नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विद्यार्थ्यांनी नाटक केलं आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच असतील, तर तेही कलम ५२च्या आत येतं. तिकीट लावून गावभर प्रयोग केले की बाहेर. अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तकाचं ब्रेल किंवा ध्वनिरूप करायला २०१२च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. त्याच हेतूच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४मध्ये जगातला पहिला देश ठरला.

पण अख्खं पाठ्यपुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकणं, क्लासवाल्याने दुसऱ्याच्या नोट्सवर स्वतःचा शिक्का मारून विकणं, गेटवरच्या दुकानात संपूर्ण पुस्तकाच्या बांधीव झेरॉक्स मांडून ठेवणं, याला या निकालाचा आधार नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

शिवाय कॉपीराइट आणि वाङ्मयचौर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेख महंमदांची ओवी छापायला परवानगी लागत नाही, पण ती स्वतःच्या नावावर खपवली तर ते चौर्यच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. बगदादचा उस्ताद इजाजा देताना ज्या दोन गोष्टी पाहत होता, मजकूर बरोबर आहे का आणि तो कुणाचा आहे, त्याच आजच्या मार्गदर्शकालाही पाहाव्या लागतात.

झेरॉक्सची जागा आता पीडीएफने घेतली आहे आणि भांडण संशोधनपत्रिकांच्या वर्गणीवर आलं आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका त्यातून खुल्या झाल्या. पण हे दार केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. मराठवाड्यात किंवा खानदेशात एखाद्या छोट्या ट्रस्टने काढलेल्या विनाअनुदानित कॉलेजातली मुलगी त्याच्या बाहेरच राहते. घरात तिच्याआधी कुणी पदवी घेतलेली नसते. तिची फी कशीबशी भरली जाते. संदर्भग्रंथाची किंमत तिच्या वडिलांच्या आठवड्याच्या मजुरीएवढी असते.

तिच्यासाठी कलम ५२ हा वकिलांचा विषय नाही, अभ्यासाचं साधन आहे. म्हणून प्राचार्यांनी, ग्रंथपालांनी आणि शिक्षकांनी हे कलम एकदा स्वतः वाचावं आणि त्याची सोप्या मराठीतली प्रत ग्रंथालयाच्या फलकावर लावावी. नेमून दिलेल्या उताऱ्यावर लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव छापावं. जे पुस्तक वर्षानुवर्षं पूर्ण शिकवलं जातं, त्याच्या चार-दोन प्रती विकत घ्याव्यात. विशेषतः मराठीतल्या छोट्या प्रकाशकाचं असेल तर नक्कीच. आणि एखाद्या मुलीने प्रकरणाची झेरॉक्स मागितली, तर ‘कॉपीराइट आहे’ म्हणून तिला परत पाठवू नये. ती झेरॉक्स मागण्याचा हक्क याच कायद्याने तिला दिला आहे.